पन्नास रुपयांचा कायदा आणि आमची वर्तणूक

दोस्तांनो, कायद्याच्या पुस्तकात एका जागी आमच्या पोराच्या सुटकेची किंमत छापलेली आहे. पन्नास रुपये फक्त. पन्नास रुपयांत आज नाशिकरोडला दोन माणसांची मिसळसुद्धा होत नाही. तरी ते पन्नास रुपये आमच्या पोराला कुणी सांगितले नाहीत, आणि पोरगा सहा महिने आत गेला.

पोरगा आमच्याच वस्तीतला. नाव छापत नाही, कारण त्याच्या नावाची छपाई पोलिसांच्या रजिस्टरात पुरेशी झालेली आहे. एकोणीस वर्षांचा असताना एका कारखान्याच्या मागून तांब्याची वायर उचलली. उचलली, आम्ही खोटं बोलत नाही. ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार बुडवला होता. हे कारण झालं, ही सफाई नाही. कोर्टात गुन्हा कबूल केला. एकवीसच्या आतला, पहिलाच गुन्हा, म्हणून मॅजिस्ट्रेटने जेलऐवजी बॉन्डवर सोडला. दोन वर्षं चांगली वर्तणूक ठेवायची, दर महिन्याला परिवीक्षा अधिकाऱ्यासमोर, म्हणजे आपल्या भाषेत प्रोबेशन ऑफिसरसमोर हजर व्हायचं, न सांगता राहती जागा सोडायची नाही. पोराने सही ठोकली. त्या कागदावर काय लिहिलंय ते त्याला कुणी वाचून दाखवलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. सुटका होत असताना कोण विचारतो?

सात महिने बरोबर गेला. आठव्या महिन्यात नव्या ठेकेदाराने माणसं चाकणला हलवली. चाकणला गेलं तर पोट, नाशकात राहिलं तर बॉन्ड. पोराने पोट धरलं. तीन तारखा चुकल्या. रिपोर्ट गेला, वॉरंट निघालं, चाकणच्या खोलीवरून उचलून आणला. कोर्टात वकील नव्हता. विचारलं, "तारखेला का नाही आलास?" म्हणाला, "कामाला होतो साहेब." झालं! अट मोडल्याची कबुली मिळाली. मूळ चोरीची सहा महिन्यांची सजा लागली.

बाहेर त्याची आई पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "दादा, आता त्यानं काय चोरलं रे?"

मावशी, आता त्यानं काहीच चोरलं नव्हतं. आता तो कामाला गेला होता. पहिल्यांदा काम केल्याचे पैसे मिळाले नाहीत म्हणून चोर झाला, दुसऱ्यांदा काम केलं म्हणून कैदी झाला. या देशात आमच्या पोराने नेमकं करायचं काय, एवढं एकदा लेखी द्या.

आता कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. पुस्तक वकिलाच्या काचेच्या कपाटात राहू देऊ नका. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. त्याच्याही आधी, १९३८ साली, मुंबई प्रांताचा स्वतःचा प्रोबेशनचा कायदा झाला होता. म्हणजे ही काही कालची भानगड नाही. कलम ३ म्हणतं, चोरीसारख्या ठरावीक किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, आधी शिक्षा झालेली नसेल तर समज देऊन सोडा. कलम ४ म्हणतं, फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बॉन्डवर सोडा. कलम ६ म्हणतं, एकवीस वर्षांखालच्या पोराला जेलात घालायचंच असेल तर त्याची कारणं लिहून द्या. १९६४ मध्ये रतनलालच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने याच कायद्याचा फायदा सोळा वर्षांच्या पोराला द्यायचा रस्ता मोकळा केला. कायदा वाईट नाही. कायद्याचा दरवाजा पुढून चांगला रुंद आहे. खेळ आहे तो मागच्या दाराचा.

मागचं दार म्हणजे कलम ९. बॉन्डची कुठलीही अट मोडली असं कोर्टाला वाटलं, ऑफिसरच्या रिपोर्टवरून किंवा आणखी कुठून, तर वॉरंट काढता येतं. मग ऐकून घेऊन दोनपैकी एक करता येतं. मूळ गुन्ह्याची शिक्षा द्यायची. किंवा, पहिल्यांदाच अट मोडली असेल तर बॉन्ड तसाच चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करायचा. बघा! एका ताटात पन्नास रुपये, दुसऱ्या ताटात तुरुंग. कुठल्या वेळी कुठलं ताट पुढे करायचं याचं एकही माप त्या कलमात नाही. तारीख चुकवणारा आणि पुन्हा घर फोडणारा, दोघांना कलम एकच. पत्ता बदलणारा आणि चाकू काढणारा, दोघांना वॉरंट एकच. मर्जी साहेबांची, आयुष्य आमचं.

त्या दिवशी एखादा वकील उभा असता तर एवढंच म्हणाला असता, "महाशय, पहिलीच चूक आहे, कलम ९ खाली दंड करा, बॉन्ड चालू ठेवा." एक वाक्य. त्या एका वाक्याच्या अभावी सहा महिने. आणि हा वकील काही मेहेरबानीचा नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील हा हक्क म्हणून दिलेला आहे. घटनेत ३९-अ आहे. हक्क आहे, कागद आहे, प्राधिकरण आहे, प्राधिकरणाची पाटी आहे. फक्त पोराच्या बाजूला माणूस नव्हता.

अजून वाचा. पोराला चाकणला जायचं होतं तर अट बदलून घेता आली असती. कलम ८ त्यासाठीच आहे. पण अर्ज करायचा कुणी? कलमात लिहिलंय, प्रोबेशन ऑफिसरने. ज्याच्या पोटाला अट टोचते त्याचं नावच त्या कलमात नाही. कुणी सांगितलं तर ऑफिसर अर्ज करील, त्याला वेळ असला तर करील, त्याच्या टेबलावर बालगृहापासून हुंड्यापर्यंतच्या फायली चढलेल्या नसतील तर करील. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बालविकास खात्याचे. पोलीस खात्याचे नाहीत ही चांगली गोष्ट. पण अख्ख्या जिल्ह्याचा भार डोक्यावर घेतलेला माणूस आमच्या पोराचा मित्र, सल्लागार आणि मदतगार कसा होणार? कायद्याने कलम १४ मध्ये त्याला हेच काम दिलंय. सल्ला देणं, मदत करणं, काम मिळवून द्यायला बघणं. नोकरी शोधून द्यायची ज्याची जबाबदारी, त्याचाच रिपोर्ट नोकरीला गेल्याबद्दल!

आणि सगळ्यात जहरी कलम १२. बॉन्डवर सुटलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. छान. पण पुढच्याच ओळीत परंतुक आहे : नंतर मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली तर हे संरक्षण नाही. म्हणजे तीन तारखा चुकल्या की फक्त सहा महिने जात नाहीत. चारित्र्य पडताळणीचा दाखला जातो. दाखला गेला की कंपनीचं गेट जातं. गेट गेलं की परत भंगाराचा रस्ता. त्या रस्त्यावर पोलीस उभाच आहे. तो आमच्या पोराची वाट बघायला कधी उशीर करत नाही. बॉन्डवर चांगले वागून काढलेले सात महिने? त्यांची वजावट मिळावी असा शब्दही कलम ९ मध्ये नाही. सात महिने आमचा पोरगा माणसासारखा वागला, त्याचा हिशेब शून्य.

आता कुणी पांढरपेशा म्हणेल, अट साधी होती, पाळायला काय झालं? ऐक बाबा. अट साधी कुणाला असते? ज्याचा पत्ता वीस वर्षं एकच आहे त्याला. कलम ४ चं परंतुकच बघ. आरोपीचं किंवा त्याच्या जामीनदाराचं ठरलेलं राहण्याचं ठिकाण नाही तर नियमित धंदा असल्याशिवाय सोडायचंच नाही. ठरलेलं ठिकाण! आमच्या झोपडीला महापालिका अतिक्रमण म्हणते. नियमित धंदा! नाक्यावर सकाळी उभं राहिल्यावर रोज ठेकेदाराच्या बोटाकडे बघत ज्याचा धंदा ठरतो, त्याने नियमित कुठून आणायचा? पारध्याने काय करायचं? वडाराने, कैकाड्याने, सहा महिने ऊस तोडायला जाणाऱ्या कुटुंबाने काय करायचं? ज्यांना तुम्ही शतकानुशतकं गावकुसाबाहेर ठेवलंत, त्यांनाच विचारता, तुमचा पत्ता काय?

तीच गत जामीनदाराची. कलमात साफ लिहिलंय, जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय. पण कोर्टाच्या आवारात जाऊन बघा. सातबारा आणा, ऐपतीचा दाखला आणा. ज्यांच्या बापाला, आज्याला जमिनीचा तुकडा मिळू दिला नाही त्यांच्याकडे सातबारा मागायचा! मग गेटवर भाड्याचा जामीनदार मिळतो. सातबारा त्याचा, रेट त्याचा, आणि कर्ज आमच्या मावशीच्या बचत गटाचं. १९७८ मध्ये मोतीरामच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याच्यावर कोरडे ओढले. मध्य प्रदेशातला गवंडी, दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टाने हे चूक ठरवलं. तेव्हापासून गोदावरीतून किती पाणी वाहून गेलं! सातबारा मागणारा हात तिथेच पुढे आहे.

दोस्तांनो, एक गोष्ट माहीत असू द्या. हे प्रोबेशन मुळात जगात आणलं कुणी? कुठल्या जज्जाने नाही, मंत्र्याने नाही. १८४१ साली अमेरिकेत बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाच्या जोडे शिवणाऱ्याने. कोर्टात एका दारुड्याला शिक्षा होत होती. हा उठला, म्हणाला, मी याचा जामीन राहतो. त्याला घेऊन गेला, काम दिलं, दारू सोडवली, पुन्हा कोर्टासमोर उभा केला. मरेपर्यंत जवळपास दोन हजार माणसांचा जामीन राहिला. त्याने कुणाकडे सातबारा मागितला नाही. चामड्याचं काम करणाऱ्या एका माणसाने माणसावर ठेवलेला भरवसा, हे प्रोबेशनचं मूळ. आमच्याकडे चामड्याचं काम करणाऱ्याच्या शब्दाला कोर्टात किंमत किती, ते ऐपतीचा दाखला काढायला गेल्यावर कळतं.

त्याच अमेरिकेत पुढे त्या भरवशाचं काय झालं तेही बघा, कारण आमच्या चळवळीने नावच तिथल्या काळ्या पँथरांवरून घेतलं. १९७२ साली इकडे मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि त्याच साली तिकडच्या सुप्रीम कोर्टाने मॉरिसीच्या खटल्यात सांगितलं की पॅरोल मोडला म्हणून परत जेलात घालण्याआधी माणसाला नोटीस द्या, पुरावा दाखवा, त्याचं ऐका. पुढच्याच वर्षी तेच प्रोबेशनलाही लावलं. तरी तिथे २०१९ मध्ये बाहेर आलेल्या अहवालात दिसलं की राज्यांच्या तुरुंगांत येणाऱ्या दर चारांतला एक जण नवा गुन्हा करून आलेला नव्हता. तारीख चुकली, फी भरली नाही, पत्ता बदलला, असल्या नियमभंगाने आला होता. आणि त्यात काळे किती हे सांगायला नको. मग लोक भांडले. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये बहुतेक गुन्ह्यांसाठी प्रोबेशनची मुदतच एक-दोन वर्षांवर आणली. पेनसिल्व्हेनियाने २०२३ मध्ये नियमभंगासाठी जेलात घालण्यावर बंधनं घालणारा कायदा केला. म्हणजे होतं. भांडलं की होतं. तिकडे राज्यं कायदे बदलतात. आमच्याकडेही फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्राची विधानसभा आपल्यापुरतं कलम ९ बदलू शकते. नियम करायचा अधिकार तर कलम १७ ने राज्य सरकारला दिलेलाच आहे. मुंबईत बसलेल्यांनी दिल्लीकडे बोट दाखवायचं कारण नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वस्तीत प्रोबेशन मिळालेले किती? बरोबर. मूठभर. बहुतेकांच्या नशिबी कच्ची कैद. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. गुन्हा सिद्ध नाही, तरी आत. पण बॉन्डचा दुसरा अवतार मात्र वस्तीत घरोघर आहे. चॅप्टर केस!

प्रोबेशनच्या बॉन्डला निदान एक गुन्हा लागतो. चॅप्टरला गुन्हाही लागत नाही. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०७ आणि ११० कलम होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १२६ आणि १२९ झालं. नंबर बदलला, दंडुका तोच. जयंती आली, मोर्चा निघाला, निवडणूक लागली, की नोटीस. शांतता भंग होण्याची शक्यता आहे, सराईत आहे, बॉन्ड लिहून द्या. लिहून देईपर्यंत आत ठेवता येतं. लिहून दिलेला बॉन्ड मोडला असं ठरलं की उरलेल्या मुदतीपर्यंत आत टाकता येतं. ते जुनं १२२, नवं १४१. १९७० मध्ये मधू लिमये यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ही कलमं घटनेत बसवली, पण चौकशी सुरू केल्याशिवाय हंगामी बॉन्ड मागायचा नाही अशी वेसण घालून. वेसण पुस्तकात राहिली, बैल वस्तीत मोकळा सुटला.

आणि हे ठरवतो कोण? नाशिकसारख्या आयुक्तालयाच्या शहरात पोलीस अधिकारीच दंडाधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसतो. खालचा पोलीस रिपोर्ट लिहितो, वरचा पोलीस न्याय करतो. शिंपी तोच, माप घेणारा तोच, आणि कापड आमच्या अंगाचं! मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पोलीस उपायुक्तांना असे दंडाधिकाऱ्याचे अधिकार देणं घटनेविरुद्ध ठरवलं. पोलीस आणि न्याय एका हातात ठेवायचे नाहीत, हे साधं तत्त्व. तामिळनाडूला लागू होतं ते तत्त्व कसारा घाट चढून नाशकात येऊ शकत नाही काय?

तिसरा अवतार तडीपारी. १९५१ चा पोलीस कायदा, कलम ५५, ५६, ५७. दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत असं अधिकाऱ्याने म्हटलं की झालं. साक्षीदाराचं नाव कळत नाही, उलटतपासणी नाही. तडीपाराने आईच्या मयताला हद्दीत पाय ठेवला तरी नवा गुन्हा. २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातली अशीच एक तडीपारी रद्द करताना सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा असाधारण उपाय आहे, ऊठसूट वापरायचा नाही. आम्ही विचारतो, असाधारण उपाय आमच्याच गल्लीत एवढा साधारण कसा झाला? २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी शहर सजतंय. रस्ते रुंद होतील, घाट चकचकीत होतील. साधूंसाठी तंबू लागतील. त्या पर्वणीच्या तोंडावर नोटिसा कुणाच्या दारावर चिकटतात ते मोजून ठेवा.

ही वर्तणूक मोजायची खोड कुठून आली? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्माने गुन्हेगार. रोजची हजेरी, पासाशिवाय हद्द ओलांडायची नाही, ओलांडली की शिक्षा. सही, हजेरी, हद्द. आजच्या बॉन्डवरच्या अटी त्याच्या शेजारी ठेवून वाचा, सख्खी भावंडं दिसतील. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला. लोकांना विमुक्त म्हटलं. आणि १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. जातीचं नाव पुसलं, रजिस्टर ठेवलं. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचून पांढरपेशा महाराष्ट्र रडला, अकादमीने बक्षीस दिलं. रडून झाल्यावर रजिस्टर बंद केलं का? ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की तुरुंगात जातीवर कामं वाटू नका, झाडू एकाला आणि चूल दुसऱ्याला असं करू नका, आणि विमुक्त जमातीत जन्मला म्हणून कुणाला सराईत धरू नका. २०२४! घटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षं झाल्यावर!

आता दोन आक्षेप, आणि ते आमच्याच लोकांचे आहेत म्हणून त्यांना उत्तर दिलंच पाहिजे.

पहिला. आमच्यातलाच एक कार्यकर्ता मला म्हणाला, "भो, प्रोबेशन सैल करा म्हणतोस, उद्या आपल्या पोरीवर हात टाकणारा, आपलं घर जाळणारा पाटलाचा पोरगाही त्याच बॉन्डवर सुटेल." नाही सुटणार. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १९ वाचा. त्या कायद्याखाली दोषी ठरलेल्या अठरा वर्षांवरच्या माणसाला प्रोबेशन नाही. ते कलम राहिलंच पाहिजे. भुकेने वायर उचलणारा आणि जातीच्या माजाने माणूस मारणारा हे एका मापाने मोजायचे नाहीत. आणि त्याच कायद्यात कलम १० आहे. अनुसूचित आणि अत्याचारप्रवण भागातून अत्याचार करण्याची शक्यता असलेल्याला हद्दपार करण्याचं. म्हणजे तडीपारी त्यांच्यासाठीही लिहिलेली आहे! सांगा, कुणा जातदांडग्याला कलम १० खाली गाव सोडावं लागल्याचं तुम्ही तुमच्या तालुक्यात पाहिलंय? आमच्यासाठी शक्यता पुरते, त्यांच्यासाठी प्रेतसुद्धा पुरत नाही.

दुसरा आक्षेप भाजी विकणाऱ्या आक्काचा. तिचा मोबाईल आमच्याच वस्तीतल्या पोराने मारला. ती म्हणते, "तुमचा कायदाबियदा ऱ्हाऊ द्या, माझा मोबाईल कोण देणार?" आक्का बरोबर आहे. चोरी गरिबाच्या घरातच जास्त लागते. पण आक्का, पोरगा सहा महिने आत गेल्याने मोबाईल येतो का? त्याच प्रोबेशनच्या कायद्यात कलम ५ आहे. सोडताना नुकसानभरपाई द्यायला कोर्ट सांगू शकतं. पोरगा बाहेर राहिला, कामाला लागला, तर हप्त्याहप्त्याने तुझा मोबाईल फिटेल. आत गेला तर तुझंही गेलं, त्याचंही गेलं, आणि बाहेर येईल तो मोठ्या चोरांची शाळा शिकून. आम्ही चोरीची वकिली करत नाही. आम्ही आक्काच्या मोबाईलची आणि पोराच्या आयुष्याची, दोन्हींची वकिली करतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. भाषणातल्या नाहीत, विधानसभेच्या टेबलावर ठेवायच्या आहेत.

एक. कलम ९ मध्ये फरक करा. तारीख चुकणं, पत्ता बदलणं, दंड थकणं, यासाठी जेल नाही. समज द्या, अट बदला, मुदत थोडी वाढवा. जेलचा विचार फक्त नवा गुन्हा कोर्टात सिद्ध झाल्यावर.

दोन. अट मोडल्याची सुनावणी वकिलाशिवाय होणार नाही. आरोप मराठीत, लेखी, आधी हातात. पन्नास रुपयांचा पर्याय का नाकारला हे निकालात लिहिलंच पाहिजे.

तीन. अट बदलण्याचा अर्ज करायचा हक्क खुद्द माणसाला द्या. कामासाठी जिल्हा सोडणं हा भंग नाही. हजेरी जिथे काम तिथे, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी.

चार. बॉन्डवर नीट काढलेल्या दिवसांची शिक्षेत वजावट द्या.

पाच. ठरलेल्या ठिकाणाची आणि ऐपतीची अट काढा. वस्तीतल्या शिक्षिकेची, अंगणवाडीताईची, बुद्धविहाराच्या समितीची ओळख पुरेशी माना.

सहा. चॅप्टर आणि तडीपारी पोलिसाच्या हातून काढून न्यायदंडाधिकाऱ्याकडे द्या. बॉन्ड मोडला की नाही हे पोलीस ठरवणार नाही.

सात. परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या जागा भरा, आणि त्यांना कलम १४ मधलं खरं काम करू द्या.

हे सरकारला झालं. आता आपल्याला. दोस्तांनो, फलकावर निळा रंग लावणं सोपं आहे. आमदाराच्या ऑफिसात बसून जामिनाची दलाली करणारे आमच्यातूनच निघालेत, गळ्यात निळी पट्टी घालून. पोलिसाला फोन लावतो म्हणतात आणि आईकडून पैसे घेतात. त्यांनाही सोडायचं नाही. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. कुणाला कुठल्या कलमाची नोटीस आली, कुठल्या तारखेला, सुनावणीला वकील होता की नव्हता, बॉन्डवर काय अटी होत्या. अटींचा कागद ज्याचा त्याला वाचून दाखवा. कॉलेजात वकिली शिकणाऱ्या पोरापोरींनी महिन्यातले दोन रविवार यासाठी काढा. आकडे सरकार देणार नाही. आपली वही हाच आपला आकडा.

२ मार्च १९३० ला याच नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी आमचे आजे-पणजे उभे राहिले. बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते. आमचे लोक बसले होते, आणि रामनवमीला दगड त्यांच्यावर पडले. सांगा, त्या दिवशी शांतता राखण्याचा बॉन्ड कुणाकडून लिहून घ्यायला हवा होता? पाच वर्षं ती माणसं चांगली वागली. दार उघडलं नाही. मग १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की या धर्मात मरणार नाही. चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागणाऱ्या दाराशी जन्मभर उभं राहायचं नसतं, हे आम्ही या जिल्ह्यातच शिकलो.

याच नाशकाच्या तुरुंगात १९३३ मध्ये साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. महाराष्ट्राला त्या आईचं केवढं कौतुक! असावं. पण कोर्टाच्या पायरीवर बसून "आता त्यानं काय चोरलं" विचारणारी आमची मावशी, तिलाही एक पोरगा आहे. पुढच्या महिन्यात तो सुटतोय. त्याच्याकडे दाखला नाही, गेट नाही, पत्ता बदललेला आहे.

त्या दिवशी जेलच्या दाराशी आपण असलं पाहिजे. पोलिसाच्या आधी.

जय भीम.